काम चोख, तरी ‘टीममध्ये नाही’ असा शेरा: काय करावे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार,

माझे वय ३१. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी मर्चंडायझिंग विभागात काम करते. परदेशी बायरच्या ऑर्डरी, नमुने आणि तारखा यांचा पाठपुरावा हे माझे काम आहे आणि ते मी कधीही मागे पडू दिलेले नाही. तरीही यंदाच्या मूल्यमापनात साहेबांनी लिहिले, ‘काम उत्तम आहे, परंतु टीमबरोबर जुळवून घेत नाहीत.’

याला निमित्त झाले एका लॉटचे. फिकट बदामी रंगाचे टॉवेल होते. मंजूर झालेला नमुना आणि आमच्याकडे रंगवलेला पहिला तुकडा लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळत होते. दुसऱ्या ऑर्डरचे नमुने पाकिटात भरताना हे दोन्ही तुकडे माझ्या हाती आले आणि खिडकीजवळच्या उजेडात आपला तुकडा मला किंचित पिवळसर वाटला. रंग तपासणे लॅबचे काम आहे, म्हणून मी बोलले नाही. पुढे संपूर्ण लॉट रंगला, शिवून झाला आणि शेवटच्या तपासणीत नापास झाला. त्यावरच्या बैठकीत मी म्हणाले, ‘मला तेव्हाच शंका आली होती.’ त्या दिवसापासून रंगाई सांभाळणारे डाइंग मास्तर माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

शिवाय आमच्या खोलीतले तिघे आपसांत तेलुगूत बोलतात, तेव्हा मला परके वाटते. एका सहकाऱ्याचे अर्धवट राहिलेले काम मीच गुपचूप पूर्ण करते. माझे तक्ते वरिष्ठ स्वतःचे म्हणून मालकांना दाखवतात. मुलगी पाळणाघरात असल्यामुळे मी सहाला निघते, आणि आठपर्यंत थांबणाऱ्यांनाच आमच्याकडे टीमची माणसे म्हणतात. मी स्वभावाने अबोल आहे. चहाच्या टपरीवर गप्पा मारणे आणि सगळ्यांच्या होला हो करणे याच गोष्टी आता मला शिकाव्या लागतील का?

एक वाचक, सोलापूर

उत्तर

स. न.

तुमच्या पत्रात पाच-सहा तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या सगळ्यांवर एकच उत्तर मिळेल अशी तुमची अपेक्षा दिसते. मला त्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक वाटते, कारण त्यांपैकी बहुतेकींत तुमची बाजू बरोबर आहे आणि एकीत साहेबांचा शेरा खरा आहे. जिथे तो खरा आहे तिथूनच सुरुवात करते. तुमच्या हातात असलेले बरेचसे तिथेच आहे.

त्या बदामी टॉवेलची गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेला आहात, पण मला तीच पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. दोन कापडांवर वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून एकच छटा साधलेली असेल, तर ती एका प्रकाशात जुळते आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसते. हे रंगकामातले जुने दुखणे आहे आणि त्यासाठीच चांगल्या लॅबमध्ये दिवसाच्या उजेडासारखा, दुकानातल्या दिव्यासारखा आणि घरातल्या पिवळ्या दिव्यासारखा असे निरनिराळे प्रकाश देणारी पेटी ठेवतात. म्हणजे खिडकीजवळ तुम्हाला जे दिसले ते खरे होते आणि ते नेमके तपासण्याची सोयही अस्तित्वात होती. त्या क्षणी ही गोष्ट संपूर्ण कारखान्यात एकट्या तुम्हाला ठाऊक होती. ती मास्तरांपर्यंत पोहोचली असती तर फार तर एक तुकडा पुन्हा रंगवावा लागला असता. ती तुमच्याकडेच राहिली आणि संपूर्ण लॉटचे सूत, पाणी, वाफ, शिलाई आणि माणसांचे श्रम वाया गेले.

तुम्ही म्हणता, रंग तपासणे लॅबचे काम. कामाच्या वाटणीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, आणि निर्णय लॅबनेच घ्यायचा होता. पण दिसलेली गोष्ट सांगणे हे निर्णय घेण्यापेक्षा वेगळे काम आहे आणि ते ज्याला दिसले त्याचेच असते. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, हा संस्कार आपल्याकडे चांगला रुजलेला आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की समोर चूक घडताना दिसत असूनही आपण ‘मला काय त्याचे’ म्हणून गप्प बसतो आणि त्याला सभ्यपणा समजतो. तुमच्या मौनात वाईट हेतू मुळीच नव्हता, हे मला पत्रावरून स्पष्ट दिसते. परंतु बैठकीतल्या तुमच्या वाक्याने मास्तरांच्या कानांवर काय पडले असेल याचा विचार करा. चूक त्यांची होती, हे त्यांना तुमच्याआधीच कळले होते. आपण खड्ड्याकडे चाललो आहोत हे या बाईंना दिसत होते आणि तरीही त्यांनी हाक मारली नाही, हे त्यांना तुमच्या वाक्यातून नव्याने कळले. त्यांचा अबोला चुकीबद्दल आहे असे मला वाटत नाही, तो या हाक न मारण्याबद्दल आहे.

जेवणाच्या सुट्टीत एकदा तुमच्याच कारखान्याच्या विणाई खात्यात जाऊन उभ्या राहा. मागावरचा प्रत्येक उभा धागा पत्र्याच्या एकेका बारीक पट्टीतून ओवलेला असतो. धागा तुटला की ती पट्टी खाली पडते, माग जागच्या जागी थांबतो, वरचा दिवा लागतो आणि विणकर येऊन धागा जोडतो. थांबण्यात काही क्षण जातात, पण माग तसाच चालू राहिला असता तर टॉवेलभर उभी चीर उमटली असती. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला, त्याचे मोठे वैशिष्ट्य हेच होते, की धागा तुटताच तो आपोआप थांबत असे. पुढे याच घराण्याने मोटारींचा कारखाना काढला तेव्हा तीच पद्धत माणसांपर्यंत नेली. टोयोटाच्या कारखान्यात जुळणीच्या रांगेतल्या कोणत्याही कामगाराला काही बिघडलेले दिसले तर तो डोक्यावरची दोरी ओढतो, त्याचा गटप्रमुख त्याच्या जागेवर चालत येतो आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर रांग थांबते. दोरी ओढणाऱ्याला त्या बिघाडाची खात्री असावी लागत नाही, शंका पुरेशी असते. तो बिघाड त्याच्याच कामात असला पाहिजे, अशीही अट नाही.

तुम्ही यावर म्हणाल, आणि ते म्हणणे अगदी योग्य ठरेल, की आमच्याकडे शंका बोलून दाखवली तर ‘तुम्ही तुमचे बघा’ असे उत्तर मिळते. हा अनुभव खरा आहे आणि म्हणूनच मी सगळा दोष तुमच्या पदरात टाकणार नाही. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील गटांच्या औषधविषयक चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचे नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते, त्यांच्याच नावावर चुकांची नोंद अधिक आढळली. शोध घेतल्यावर त्यांच्या लक्षात आले, की त्या गटांत चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या आणि इतर गटांत त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे शंका विचारली किंवा चूक कबूल केली तर अपमान होणार नाही असा विश्वास सगळ्यांना असतो, तिथेच माणसे चुकांतून शिकतात, असे त्यात दिसून आले. तेव्हा तुमच्या मूल्यमापनात तो शेरा लिहिणाऱ्या साहेबांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे: आपल्या विभागात याआधी ज्याने शंका बोलून दाखवली, त्याला काय उत्तर मिळाले होते? हा विश्वास निर्माण करणे मुख्यतः त्यांचे काम आहे. तुमचे काम तुमच्यापुरते बोलायला लागण्याचे आहे.

कसे बोलावे, हेही सांगते, कारण अबोल माणसाला नेमके तिथेच अडते. शंका ज्याच्या कामाबद्दल आहे त्यालाच, एकट्याला, ताबडतोब आणि प्रश्नाच्या रूपात सांगावी. ‘मास्तर, हा तुकडा एक मिनिट खिडकीपाशी बघता का? मला जरा पिवळा वाटतोय, माझ्या नजरेचा दोषही असेल.’ यात कोणालाही कमीपणा येत नाही आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो. त्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हटले आणि तरी तुमचे समाधान झाले नाही, तर गुणवत्ता विभागाला दोन ओळी लिहून कळवावे आणि तसे कळवत असल्याचे मास्तरांनाही सांगावे. त्यानंतर तुमची जबाबदारी संपते. मालकांकडे थेट जाणे, किंवा सगळे जण ज्यात आहेत त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘रंग बरोबर आहे ना?’ असे विचारणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. तिथे शंकेचा आरोप होतो, आणि एकदा आरोप झाला की समोरचा माणूस तुकडा बघत नाही, स्वतःचा बचाव करू लागतो.

आता मास्तरांचे. हा अबोला आपोआप निवळेल याची वाट पाहू नका. डाइंग खात्यात गर्दी नसेल अशी वेळ बघून जा आणि एवढेच म्हणा, ‘मला शंका आली तेव्हाच मी तुमच्याकडे यायला हवे होते. बैठकीत ते बोलून मी तुम्हाला सगळ्यांसमोर अडचणीत आणले, ते चुकले.’ त्याला ‘पण’ जोडू नका, लॅबचा विषय काढू नका, स्पष्टीकरण देऊ नका. त्यांनी लगेच मन मोकळे केले नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या ऑर्डरच्या वेळी, दिव्यांच्या पेटीत छटा कशी पाहतात हे मला दाखवाल का, असे त्यांना विचारा. वर्षानुवर्षे वाफेत आणि पाण्यात उभे राहून रंग साधणाऱ्या माणसाला त्याची विद्या कोणी मनापासून विचारते असे फार क्वचित घडते. तुम्हालाही ती विद्या उपयोगाची आहे, कारण बायरने मेलमध्ये ‘शेड थोडी उबदार हवी’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ मास्तरांना समजेल अशा शब्दांत सांगणे हे तुमचेच काम आहे.

आता दुसरा मुद्दा. ‘माझे काम कधी मागे पडत नाही’ असे तुम्ही लिहिता. मी त्यावर विश्वास ठेवते, पण एक प्रश्न विचारते: तुमचे काम तुमच्या टेबलावर पूर्ण होते, की पुढच्या माणसाच्या हातात पडल्यावर? समजा, बायरने संध्याकाळी मेल पाठवून कळवले, की एका पिशवीत चारऐवजी सहा टॉवेल भरायचे आहेत. तुम्ही तक्त्यातला आकडा लगेच बदलला. तुमच्या दृष्टीने काम झाले. पॅकिंगमधल्या अक्का मात्र तो तक्ता दुसऱ्या दिवशी दुपारी उघडतात, आणि तोवर सकाळपासून चार-चारच्या पिशव्या भरून कार्टन चिकटवून झालेले असतात. तक्ता निर्दोष होता आणि तरीही अर्धा दिवस वाया गेला. म्हणून तक्त्यात बदल केला की ज्याचे काम त्यामुळे बदलणार आहे त्याला फोन करून किंवा समोर जाऊन सांगण्याची सवय लावून घ्या. काय बदलले, कोणत्या लॉटपासून बदलले आणि आधी भरलेल्या मालाचे काय करायचे, या तीन गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि गोंधळ तिथेच होतो.

तुमच्या बाजूने काही लांबणार असेल तर तेही असेच आधी सांगावे. नमुन्याची मंजुरी मंगळवारी यायची होती आणि बायरकडून उत्तर आले नाही, तर विणाईच्या नियोजनात बसलेल्या माणसाला ते मंगळवारी संध्याकाळीच कळले पाहिजे. शुक्रवारपर्यंत वाट पाहून, मंजुरी घेऊनच सांगू, असे चोख काम करणाऱ्या माणसांना हमखास वाटते, कारण अपुरी गोष्ट दाखवायला त्यांना संकोच होतो. परंतु वाईट बातमी मंगळवारी मिळाली तर तो माणूस मागावर दुसरा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढवू शकतो. शुक्रवारी मिळाली तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

सहकाऱ्याचे अर्धवट काम गुपचूप पूर्ण करणे ताबडतोब थांबवा. याला तुम्ही कदाचित सहकार्य समजत असाल, पण त्याचा फायदा कोणालाच होत नाही. फ्रान्समधले कृषी अभियंते माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले होते आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत असे दिसते, की दोराला जितकी अधिक माणसे लागतात तितका प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. १९७९ साली अमेरिकेत बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत तेच पाहिले, आणि पुढच्या प्रयोगांत असेही आढळले, की प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे मोजला जातो आहे हे माणसांना ठाऊक असेल तर ही ढिलाई जवळजवळ नाहीशी होते. तुमच्या सहकाऱ्याचे नेमके हेच झाले आहे. त्याचे काम कुठे संपते आणि तुमचे कुठे सुरू होते हे कोणालाच दिसत नाही, त्यामुळे ते राहिले तरी बिघडत नाही, असा त्याचा अनुभव आहे. आठवड्याच्या कामाच्या यादीत प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव लिहिण्याची पद्धत सुरू करा. अमुक काम राहिले आहे, हे त्याला आधी स्वतः सांगा, मदत हवी असेल तर उघडपणे करा आणि ‘आज मी हे केले, उद्यापासून तुमच्याकडे’ असे स्पष्ट बोला. त्याच्या घरी काही अडचण असण्याची शक्यताही लक्षात ठेवा, पण ती विचारल्याशिवाय कळणार नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कार्यालयांत राहिलेले काम उचलणे, वाढदिवसाचा केक आणणे, बैठकीचे टिपण लिहिणे, पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था बघणे ही कामे न सांगता बायकांच्या अंगावर येतात, आणि ती केल्याबद्दल कोणी ‘टीमचे माणूस’ म्हणत नाही, पण नाकारली तर ‘जुळवून घेत नाहीत’ असे मात्र लगेच म्हटले जाते. हा अन्याय आहे. ही कामे पाळीपाळीने व्हावीत असा प्रस्ताव तुम्ही निःसंकोचपणे मांडावा.

तक्त्यांच्या श्रेयाबाबत मी थोडक्यात लिहिते, कारण उपाय साधा आहे. तक्त्याच्या तळाशी ‘तयार केले’ असे लिहून स्वतःचे नाव आणि तारीख घाला आणि त्याच ओळीत ज्यांच्याकडून आकडे मिळाले त्यांचीही नावे घाला. केवळ स्वतःचे नाव घातलेत तर ती कुरघोडी दिसेल. विणाईकडून, डाइंगकडून, पॅकिंगकडून कोणी आकडे दिले हे लिहिलेत, तर तो कारखान्याचा दस्तऐवज होईल आणि वरिष्ठांना तो एकट्याचा म्हणून दाखवणे कठीण जाईल. एवढे करूनही प्रकार थांबला नाही, तर पुढच्या सादरीकरणाला मलाही बसू द्या, अशी विनंती वरिष्ठांनाच करा.

तुमच्या निघण्याच्या वेळेत मला काहीही गैर वाटत नाही. रात्री आठपर्यंत खुर्चीत बसणे हा सहकार्याचा पुरावा नव्हे. कारखान्यातल्या कामगाराला ठरलेल्या तासांपलीकडे राबवून घेतले तर दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते, हे आपल्या कायद्याने १९४८ पासून मान्य केले आहे, म्हणजेच जादा वेळ ही फुकट गृहीत धरण्याची वस्तू नाही, हे तत्त्व जुने आहे. कार्यालयीन कर्मचाऱ्यांना तो नियम नेहमी लागू होत नसला, तरी त्यामागचा विचार लागू होतो. तुमच्याकडून मी दोनच अपेक्षा ठेवीन. पहिली अशी, की निघण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि आज काय झाले, काय अडले, रात्रपाळीला किंवा आठपर्यंत थांबणाऱ्यांना काय लागू शकेल आणि ते कुठे सापडेल, हे चार ओळींत लिहून ठेवावे. तुम्ही सहाला गेल्याचा सहकाऱ्यांना जो त्रास होतो तो तुमच्या जाण्याचा नसतो, तुमच्याबरोबर माहितीही घरी जाते याचा असतो. दुसरी अपेक्षा कंटेनरच्या दिवसाची. न्हावा शेवा बंदरात माल पोहोचवण्याची शेवटची तारीख असते, ट्रक दारात उभा असतो आणि कागदपत्रांतले वजन पॅकिंग लिस्टशी जुळत नसते, अशा संध्याकाळी तुम्ही तिथे असणे आवश्यक आहे. या तारखा तुम्हालाच सर्वांच्या आधी कळतात. त्या दिवशी मुलीला पाळणाघरातून कोण आणेल हे घरी आधी ठरवा आणि ‘त्या दिवशी मी थांबणार आहे’ असे आपण होऊन सांगा.

राहिला भाषेचा प्रश्न. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि शहराच्या पूर्व भागात तर पिढ्यानपिढ्या मागावर बसलेल्या घरांची बोली तेलुगूच आहे. विणकामातले कितीतरी बारकावे त्या घरांत तेलुगूतच शिकवले गेले. तुमचे सहकारी आपसांत तेलुगू बोलतात ते तुम्हाला दूर ठेवण्यासाठी बोलतात असे मानायला तुमच्या पत्रात काही आधार नाही. त्यांच्या खाजगी गप्पा त्यांच्या भाषेत होऊ द्या. विषय ऑर्डरचा असेल तेव्हा मात्र ‘अण्णा, कामाचे असेल तर मलाही सांगा’ असे सरळ म्हणा. यात रागावण्यासारखे काही नाही आणि एक-दोनदा म्हटल्यावर ते आपोआप मराठीत बोलू लागतील, असा माझा अंदाज आहे.

आपलेपणा वाढवायचा असेल तर सुट्ट्यांच्या वेळापत्रकापासून सुरुवात करा. नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकर समाजाचे आराध्य असलेल्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी त्या तिघांना सुट्टी हवी असणार. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, मुलांना न्यायचे असते, त्या दिवसांत ती तुम्हाला हवी असेल. श्रावणात मी तुमचे काम सांभाळते, जानेवारीत तुम्ही माझे सांभाळा, हे दोन महिने आधी ठरवून कॅलेंडरवर लिहा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी कोणाला सकाळी अर्धा तास उशीर होतो हेही खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या दिवशी त्याचा पहिला फोन तुम्ही घेतलात, तर टपरीवरच्या पन्नास गप्पांनी जे होणार नाही ते होईल.

तुमचा अबोलपणा बदलण्याची मला गरज वाटत नाही. गप्पिष्ट असणे आणि सहकार्य करणे यांचा संबंध लोक उगीच जोडतात. तरीही, ज्यांच्या कामावर तुमचे काम अवलंबून आहे त्या प्रत्येकाचे नाव आणि काम तुम्हाला माहीत असावे, एवढा आग्रह मी धरीन. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी तयार केली, तिच्यात पहिला छेद देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि काम सांगावे असे कलम मुद्दाम घातले आहे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. ते श्रेय एका कलमाचे नाही, संपूर्ण यादीचे आहे. परंतु ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते त्याला हाक मारणे सोपे जाते, हे समजायला आकडेवारी लागत नाही. रात्रपाळीच्या डाइंग सुपरवायझरचे नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर या आठवड्यात पाळी बदलण्याच्या वेळी एकदा खाली जाऊन ओळख करून घ्या.

शेवटी साहेबांकडे जाण्याविषयी. शेऱ्यावर वाद घालू नका आणि तो गिळूनही बसू नका. भेटीची वेळ मागा आणि विचारा, ‘जुळवून घेत नाही असे आपण लिहिले आहे. ते कोणकोणत्या प्रसंगांवरून, हे मला समजले तर सुधारता येईल.’ त्यांनी बदामी लॉटचा उल्लेख केला तर तो मान्य करा, मास्तरांशी बोलणे झाल्याचे सांगा आणि यापुढे रंगाचा पहिला तुकडा लॅब व मर्चंडायझिंग या दोघांनी मिळून दिवसाच्या उजेडात पाहावा, अशी सूचना लेखी द्या. त्यांनी सहाला निघण्याचा विषय काढला, तर निघताना लिहून ठेवत असलेल्या टिपणांची वही पुढे ठेवा. सहकाऱ्याचे नाव मात्र त्या भेटीत घेऊ नका. यादीत प्रत्येक कामापुढे नाव असावे, एवढेच मागा. तीन महिन्यांनी याच विषयावर पुन्हा बोलू, असे ठरवून तारीख घेऊनच खोलीबाहेर या आणि त्याच दिवशी ती तारीख साहेबांना मेलवर कळवा.